‘ओवाळणे’ आणि ‘येणे’ : न्यू जर्सीच्या उपनगरांतील भाऊबीजेची चिकित्सा

(१)

परदेशस्थ मराठी समाजाच्या सणांविषयी मराठीत जे लेखन होते त्याच्या दोन तऱ्हा वाचकांच्या परिचयाच्या आहेत. पहिली तऱ्हा विरहाची होय. दिवाळी अंकांतील ललित लेखांत ती विशेष आढळते. भाऊ सातासमुद्रापलीकडे, बहीण एकटी, तबकातील निरांजन विझू विझू झालेले, आणि लेखाच्या अखेरीस माहेरच्या ओसरीची आठवण, असा तिचा ठरलेला क्रम असतो. दुसरी तऱ्हा समाधानाची होय. महाराष्ट्र मंडळांच्या स्मरणिकांत ती दिसते. परदेशातही आपण पाट, रांगोळी, करंजी आणि पैठणी यांसह सण कसा ‘जसाच्या तसा’ पार पाडला, याचे तीत निवेदन असते. या दोन तऱ्हा परस्परविरोधी भासतात. वस्तुतः दोहोंचे गृहीत एकच आहे. सण म्हणजे काही वस्तूंचा आणि कृतींचा संच. तो महाराष्ट्रात पूर्ण असतो आणि परदेशात त्यातील काही गळते, हे ते गृहीत. एक लेखक गळलेले मोजतो, दुसरा उरलेले मोजतो, इतकाच काय तो भेद.

भाऊबीजेच्या बाबतीत ही मोजदाद भलत्या ठिकाणी चालली आहे, असे त्या सणाच्या भाषेकडे पाहिले असता दिसून येते. भाऊबीज दोन क्रियापदांवर उभी आहे : बहिणीचे ‘ओवाळणे’ आणि भावाचे ‘येणे’. परदेशात पहिले क्रियापद धोक्यात आले म्हणून लेखक हळहळतात, किंवा ते टिकले म्हणून संतोष मानतात. परंतु पहिले क्रियापद मुळातच अंतर सोसणारे आहे. त्याची चिंता करण्याचे कारण नाही. खरा प्रश्न दुसऱ्या क्रियापदाचा आहे, आणि त्याविषयी दोन्ही तऱ्हांचे लेखन मौन पाळते.

(२)

विवेचनासाठी अमेरिकेतील न्यू जर्सी राज्याच्या मध्यभागातील उपनगरी वस्ती समोर ठेवणे सोयीचे आहे. एडिसन ही त्यातील सर्वांत ज्ञात नगरी. थॉमस एडिसनची मेन्लो पार्क येथील प्रयोगशाळा याच परिसरात होती आणि १९५४ साली नगरीने त्याचे नाव धारण केले. १९६५ च्या कायद्याने अमेरिकेचे दार आशियाई स्थलांतरितांसाठी खुले झाल्यावर प्रथम डॉक्टर व अभियंते आणि १९९० नंतर संगणक-व्यवसायातील तरुण येथे मोठ्या संख्येने आले. २०२० च्या जनगणनेत एडिसनची लोकसंख्या १,०७,५८८ होती आणि तीत आशियाई वंशाच्या लोकांचे प्रमाण निम्म्याहून अधिक होते. एडिसन व शेजारचे आयझेलिन यांतून जाणाऱ्या ओक ट्री रोडवर श्रावणात राख्या आणि आश्विनात पणत्या सहज मिळतात. सारांश, सामग्रीची उणीव हे येथील सणाचे दुखणे नव्हे.

उणीव आहे ती दिवसाची. तिथी ही सूर्य-चंद्रांतील अंतरावरून ठरत असल्यामुळे ती जगभर एकाच क्षणी सुरू होते. परंतु तिला ‘आज’ म्हणावयाचे की ‘उद्या’ हे स्थानिक सूर्योदयावर आणि दिवसाच्या प्रहरांवर अवलंबून असते. त्यामुळे पुण्याची भाऊबीज आणि एडिसनची भाऊबीज यांत कधीकधी एका तारखेचे अंतर पडते. त्यात सुट्टीची अडचण. २०२५ साली भाऊबीज २३ ऑक्टोबरला, गुरुवारी आली. अशा वेळी सार्वजनिक समारंभ शनिवार-रविवारवर ढकलला जातो आणि दिवाळीच्या स्नेहसंमेलनातच भाऊबीज उरकली जाते.

याउलट राखीपौर्णिमा या उपनगरांत अधिक ठसठशीतपणे वावरते. तिचे एक कारण उघड आहे : शेजारचे गुजराती, पंजाबी, हिंदीभाषी कुटुंब राखी जाणते आणि तिच्यापुरते सर्वांचे एकमत होते. दुसरे कारण अधिक मूलगामी आहे. राखी ही वस्तू आहे. तिला पाकिटात घालून टपालाने पाठविता येते. भारतातील टपालखातेदेखील श्रावणात राखीच्या पाकिटांची वेगळी व्यवस्था करते. भाऊबीजेचे चिन्ह मात्र वस्तू नसून क्रिया आहे. ओवाळणे पाकिटात मावत नाही. म्हणून जेथे माणसांपेक्षा वस्तूंचा प्रवास सुलभ आहे तेथे राखी पुढे सरकली आणि भाऊबीज मागे राहिली, यात नवल नाही.

(३)

भारतातील निरनिराळ्या भाषांनी कार्तिक शुद्ध द्वितीयेच्या या सणाला दिलेली नावे तपासली तर प्रत्येक भाषेने सणाच्या वेगळ्या अंगावर बोट ठेवलेले दिसते. बंगालीतील ‘भाई फोंटा’ आणि नेपाळीतील ‘भाई टीका’ ही नावे कपाळावरील टिळ्यावरून, म्हणजे स्पर्शावरून आली. तेलुगूतील ‘भगिनी हस्त भोजनम्’ हे नाव बहिणीच्या हातच्या जेवणावरून आले. मराठी, गुजराती आणि हिंदी यांनी भाऊ आणि तिथी यांची सांगड घातली. मराठीत ‘बीज’ हा द्वितीयेचा तद्भव शब्द आज भाऊबीज आणि तुकाराम बीज अशा मोजक्या नामांतच शिल्लक आहे. एरवी व्यवहारात ‘द्वितीया’च चालते. त्यामुळे परदेशात वाढलेल्या मुलाला ‘बीज’ हा शब्द ‘बी’ या अर्थाने लागला तर तो त्याचा दोष नव्हे. महाराष्ट्रातील मुलालाही तो तसाच लागू शकतो.

नावात नसलेली क्रिया मराठीने क्रियापदात साठविली आहे. ‘ओवाळणे’ या क्रियापदाची रचना लक्षणीय आहे. ‘बहीण निरांजन ओवाळते’ असेही म्हणता येते आणि ‘बहीण भावाला ओवाळते’ असेही. पहिल्या वाक्यात दिवा फिरतो. दुसऱ्यात, व्याकरणदृष्ट्या, दिवा लुप्त होऊन भाऊच क्रियेचा विषय होतो. याच क्रियापदापासून ‘ओवाळणी’ हे नाम सिद्ध झाले आणि ते मात्र बहिणीच्या कृतीचे नव्हे, तर भावाने तबकात घालावयाच्या देणगीचे नाव ठरले. एकीच्या कृतीवरून दुसऱ्याच्या देण्याला नाव मिळाले. दुसऱ्या टोकाला ‘जीव ओवाळून टाकणे’ हा सर्वस्व देण्याचा वाक्प्रचार आहे, तर ‘ओवाळून टाकलेला’ ही एखाद्याच्या नालायकीची पावती आहे. कारण जे कुणावरून ओवाळले ते पुन्हा घरात घ्यावयाचे नसते. ‘औक्षण’ या समानार्थी शब्दात बोलीतील ‘औक्ष’, म्हणजे आयुष्य, सामान्य भाषिकाला स्पष्ट ऐकू येते. या सर्व प्रयोगांत एक गोष्ट समान आहे. ज्याला ओवाळावयाचे तो दृष्टीसमोर असावा लागतो. तो हाताशी असलाच पाहिजे, असे नाही.

याचा निर्णायक पुरावा परंपरेतच आहे. जिला भाऊ नाही तिने चंद्राला भाऊ मानून ओवाळावे, ही महाराष्ट्रातील रूढी सर्वश्रुत आहे. द्वितीयेची कोर सूर्यास्तानंतर थोडाच वेळ पश्चिमेला दिसते आणि मावळते. ती दिसते, पण तिला टिळा लावता येत नाही, आणि तीही तबकात काही घालू शकत नाही. तरीही ओवाळणे पूर्ण झाले, असे परंपरा मानते. आईचा भाऊ तो मुलांचा मामा, हा मराठी नातेव्यवस्थेचा साधा नियम लावला की ‘चांदोमामा’ या शब्दाची संगतीही लागते. चंद्र आईचा भाऊ नसता तर तो मुलांचा काका झाला असता.

या पार्श्वभूमीवर, एडिसनमधील बहीण दूरध्वनीच्या पडद्यावर दिसणाऱ्या भावासमोर निरांजन फिरविते, या दृश्याकडे पाहावे. न्यू जर्सीत सकाळचे ८ वाजलेले असतात तेव्हा पुण्यात सायंकाळचे ५.३० किंवा ६.३० होतात, ही वेळ दोन्हीकडे सोयीची असल्याने तीच बहुधा पत्करली जाते. या दृश्याची लेखकांनी यथेच्छ थट्टा केली आहे किंवा त्यावर अश्रू ढाळले आहेत. परंतु ‘दिसतो, पण हाती लागत नाही’ अशा भावाला ओवाळण्याची तरतूद सणाने आधीच करून ठेवली होती. पडद्यावरील भाऊ हा चंद्रापेक्षा अधिक कृत्रिम नाही. उलट तो उत्तर देतो. सभागृहात ज्योत पेटविण्यास मनाई असल्यामुळे विजेरीवरील दिवा फिरविला जातो, पाटाऐवजी खुर्ची येते, याचीही गणना याच वर्गात करावी. हे बदल बाह्य आहेत आणि ‘ओवाळणे’ ते सहज पचविते.

(४)

भाषेच्या दृष्टीने याहून गंभीर प्रश्न ‘भाऊ’ या शब्दाचा आहे. मराठीत चुलतभाऊ, मामेभाऊ, आतेभाऊ, मावसभाऊ या चारही सामासिक शब्दांत प्रधान पद ‘भाऊ’ हेच आहे. पूर्वपद केवळ वाट सांगते. इंग्रजीतील ‘कझिन’ या शब्दात भाऊही नाही आणि बहीणही नाही. वाटही नाही आणि लिंगही नाही. भारतीय इंग्रजीत रूढ झालेला ‘कझिन ब्रदर’ हा प्रयोग अडाणीपणाचा मानला जातो. खरे पाहता तो आपल्या समासातील प्रधान पद वाचविण्याचा प्रयत्न आहे. न्यू जर्सीत शाळेत गेलेले मूल तो प्रयोग टाकून देते, कारण तेथे तो चूक ठरतो. तेव्हापासून त्याच्या मनात ‘ब्रदर’ आणि ‘कझिन’ अशा दोन निराळ्या खणांची व्यवस्था होते.

भाऊबीज ही व्यवस्था वर्षातून एकदा मोडते. टेक्सासहून आलेल्या मावशीच्या मुलाला ओवाळावयास सांगितले जाते तेव्हा मुलीला कळते की हा ‘कझिन’ आज भाऊ आहे. विधीने प्रधान पद परत आणून बसविले. तसेच आई पडद्यापुढे ज्याला ओवाळते तो ‘अंकल’ नसून मामा आहे, हे पाहणाऱ्या मुलाला व्याख्येवाचून समजते. नातेवाचक शब्द शिकविण्याचे जे काम रविवारच्या मराठी शाळेतील तक्त्याला जड जाते ते हा विधी काही मिनिटांत करतो. स्मरणिकांनी पैठणीऐवजी याची नोंद घेतली असती तर त्यांचे समाधान अधिक सकारण ठरले असते.

मात्र या लाभाला मोल पडते. इरावती कर्वे यांनी ‘किनशिप ऑर्गनायझेशन इन इंडिया’ (१९५३) या ग्रंथात महाराष्ट्र हा उत्तर आणि दक्षिण यांच्या नातेव्यवस्थांमधील संक्रमणप्रदेश असल्याचे दाखविले. अनेक मराठी जातींत मामाच्या मुलीशी विवाह ग्राह्य, किंबहुना इष्ट मानला गेला. अशा घरांत मुलीच्या दृष्टीने आतेभाऊ हा नावाने भाऊ असला तरी संभाव्य वरही होता, आणि म्हणून चुलतभावाच्या बरोबरीने तो ‘भाऊ’ नव्हता. न्यू जर्सीत हे सूक्ष्म भेद पुसले जातात. चारही वाटांनी आलेले सर्व मुलगे एका रांगेत बसून टिळा लावून घेतात. ‘कझिन’ने जे सपाटीकरण केले तेच, उलट दिशेने, विधीनेही केले. सण ‘जसाच्या तसा’ झाला, हे विधान येथे टिकत नाही. परंतु सण खालावला, हे विधानही टिकत नाही. एक जुना भेद गेला आणि एक शब्द राहिला, इतकेच म्हणता येईल.

(५)

आता दुसऱ्या क्रियापदाकडे वळावयास हवे. ‘भाऊबीजेला भाऊ येतो’, असे मराठी बोलते. ‘जातो’, असे सहसा बोलत नाही. ‘येणे’ हे क्रियापद बोलणाऱ्याचे स्थान उघड करते. हे वाक्य बहिणीच्या दारात उभे राहून उच्चारलेले आहे. यम यमुनेच्या घरी आला, तिने त्याला जेवू घातले, या यमद्वितीयेच्या कथेतही हालचाल भावाची आहे. जात्यावरील ओव्यांत हे ‘येणे’ शतकानुशतके गायिले गेले. साने गुरुजींनी ‘स्त्री जीवन’मध्ये संकलित केलेल्या ओव्या असोत किंवा हेमा राईरकर व गी प्वातवँ यांनी खेडोपाडी जमविलेल्या एक लाखाहून अधिक ओव्या असोत, भाऊ हा त्यांतील एक मोठा विषय आहे, आणि तो भाऊ प्रायः वाटेवर असतो. बहिणीला न्यावयास येणाऱ्या माणसासाठी मराठीने ‘मुराळी’ असा स्वतंत्र शब्द राखला, यावरून या येण्याचे महत्त्व ध्यानात यावे.

हे महत्त्व केवळ भावनिक नव्हते. सासरी दिलेल्या मुलीचे कसे चालले आहे हे पाहण्याचा समाजमान्य अधिकार फार थोड्यांना होता. भाऊ त्यांपैकी एक. तो जेवावयास बसे तेव्हा त्याला ताटातील अन्न दिसे, तसा बहिणीचा हातही दिसे, तिचा चेहरा दिसे, घरातील इतरांचे तिच्याशी बोलणे ऐकू येई. सासरच्या माणसांनाही तो येणार हे ठाऊक असे. भाऊबीज ही वर्षातून एकदा होणारी, पंचांगाने ठरविलेली, आणि म्हणून कोणास नाकारता न येणारी विचारपूस होती.

उपनगरात क्रियापद उरले आहे. ‘दादा आठ वाजता कॉलवर येतो,’ असे बहीण म्हणते, आणि वाक्य व्याकरणदृष्ट्या निर्दोष आहे. परंतु या येण्यात दाराचा उंबरठा नाही. पडदा चेहरा दाखवितो, घर दाखवीत नाही. आणि जो चेहरा दाखवावयाचा तो आधी हसरा करता येतो. चंद्राच्या दृष्टान्ताची मर्यादा येथे स्पष्ट होते. चंद्राला ओवाळता येते. चंद्र विचारपूस करीत नाही.

ही उणीव कल्पनेतील नव्हे. व्यावसायिक परवान्यावर आलेल्या पुरुषांच्या पत्नी ज्या अवलंबित परवान्यावर येतात त्यांना २०१५ पर्यंत अमेरिकेत नोकरी करण्याची मुभा नव्हती. त्या वर्षी ती काही अटींवर, काहींनाच मिळाली. उपनगराची रचना अशी की मोटार चालविता न येणारी व्यक्ती घरात अडकते. माहेर दहा हजार किलोमीटरहून दूर आणि परवाना पतीच्या नोकरीशी जखडलेला, अशा स्थितीत काही घरांत छळ होतो आणि तो झाकला जातो. दक्षिण आशियाई स्त्रियांवरील अत्याचारांच्या प्रश्नावर अमेरिकेत काम सुरू करणारी पहिली संस्था म्हणून ओळखली जाणारी ‘मानवी’ ही १९८५ साली न्यू जर्सीतच स्थापन झाली, ही वस्तुस्थिती बोलकी आहे. ज्या दशकात बृहन्महाराष्ट्र मंडळ (१९८१) स्थापन होऊन मराठी सणांना उत्तर अमेरिकेत संघटित व्यासपीठ मिळाले त्याच दशकात ही गरजही पुढे आली. तरीही भाऊबीजेवरील लेखन निरांजनाविषयीच हळहळत राहिले.

(६)

येथे एक आक्षेप संभवतो. भावाच्या ‘येण्या’ला इतके मोल देणे म्हणजे स्त्रीला भावाच्या आश्रयाला बांधणे नव्हे काय? आक्षेप बिनबुडाचा नाही. ओवाळणीच्या साडीमागे पुष्कळदा वडिलार्जित मालमत्तेचे हक्कसोडपत्र उभे असे. माहेर टिकावे म्हणून बहिणीने हिस्सा सोडावा, हा अलिखित करार होता. महाराष्ट्राने १९९४ साली आणि केंद्राने २००५ साली मुलीला वडिलोपार्जित संपत्तीत समान हक्क दिला. तो करार मात्र कायद्याने संपला नाही, आणि पुण्यातील सदनिकेसाठी परदेशातील बहिणीकडे आजही त्याची मागणी होऊ शकते. न्यू जर्सीत वाढलेल्या मुली ‘मीच का ओवाळावयाचे?’ असे विचारतात आणि काही घरांत भाऊही बहिणीला ओवाळतो, ही सुधारणा स्वागतार्हच होय. परंतु ती ‘ओवाळणे’ या क्रियापदाची सुधारणा आहे. कर्ता कोणीही असो, ‘येण्या’चा प्रश्न शिल्लक राहतो, कारण विचारपुशीची गरज आश्रयातून नव्हे, एकटेपणातून निर्माण होते.

या प्रश्नाचे उत्तरही परंपरेने एकदा दिलेले आहे. ‘भाऊबीज’ हा शब्द मराठीत दिवसाचा वाचक आहे तसा देणगीचाही आहे : ‘भावाने भाऊबीज घातली,’ असे आपण म्हणतो. धोंडो केशव कर्वे यांनी १८९६ साली ज्या विधवांसाठी आश्रम काढला त्यांतील अनेकींना ना सासर ना माहेर अशी स्थिती होती. त्यांच्या हिंगण्याच्या संस्थेने पुढे ‘भाऊबीज निधी’ उभारला आणि सेविका घरोघर जाऊन तो गोळा करू लागल्या. या शब्दयोजनेचा अर्थ दूरगामी होता. समाजाने भाऊ व्हावे, असे आवाहन तीत होते. आणि ज्या स्त्रियांकडे कोणी येत नसे त्यांच्यासाठी ‘येण्या’ची जबाबदारी अनेकांत वाटून दिली गेली. अंगणवाडी सेविकांना महाराष्ट्र शासन ‘भाऊबीज भेट’ देते त्या शब्दप्रयोगामागे हाच अर्थविस्तार आहे, मग त्यातील मूळ धग कितीही कमी झालेली असो.

मराठीत ‘मानलेला भाऊ’ हे पद पूर्वीपासून आहे. उपनगरातील भाऊबीज बहुतांशी याच पदावर चालते. एकुलत्या एका मुलीला शेजारचा मुलगा, एकट्या स्त्रीला मंडळातील स्नेही. हे भाऊ खोटे नव्हेत. ‘मानणे’ ही भाषेने मान्य केलेली नातेनिर्मिती आहे, आणि चंद्राला भाऊ मानणाऱ्या समाजाने शेजाऱ्याला मानण्यास कचरू नये. परंतु मानण्याची कसोटी छायाचित्रात लागत नाही. सभागृहात टिळा लावून घेतलेला मनुष्य पुढच्या आठवड्यात, कार्तिकाच्या थंडीत, त्या घराचे दार वाजवितो काय, ‘तू बरी आहेस ना?’ हे घराच्या आत बसून विचारतो काय, आणि उत्तर वेगळे आले तर काय करावयाचे हे त्याला ठाऊक असते काय, हे पाहावे लागेल.

म्हणून परदेशस्थ भाऊबीजेवरील लेखनाने आपली मोजपट्टी बदलावी. करंजी घरची की विकतची, ज्योत तुपाची की विजेची, तिथी अचूक की सोयीची, या प्रश्नांना माहितीपलीकडे मूल्य नाही. महाराष्ट्रातही भाऊ तासाभरात उठून जातो आणि ओवाळणी दूरध्वनीवरून खात्यात जमा होते. तेव्हा हीच मोजपट्टी येथील सणालाही लावणे प्राप्त आहे. दिवा फिरला किंवा नाही याची नोंद सर्वांनीच केली आहे. कोण आला, किती आत आला, आणि त्याला काय दिसले, याची नोंद अद्याप व्हावयाची आहे.